झुल्मीराच्या अंगणातली परात

बसा त्या स्टुलावर, बाई, चपलेची टाच चिकटायला वेळ लागेल — आणि हे काय विचारायचं झालं? सगळी गल्ली वाडगे घेऊन माझ्या बहिणीकडं निघालीय, मग मी इथं का बसलोय? लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची भारी हौस! मी नाही सांगितलं तर पुढच्या वळणावर कुणीही सांगेल, मीठमसाला लावून. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका, आणि मधे बोलू नका.

आज जुळ्या संतांचा दिवस. झुल्मीरा, माझी थोरली बहीण, चाळीस वर्षं या दिवशी कारुरूचं जेवण घालते — भेंडी, सोडे, लाल ताडतेल. आधी सात पोरं चटईवर बसतात, मधे एक परात, हातानं खातात, मग बाकीचे. आई घालायची तेव्हा त्या सातांत मी असायचो. आईचे संत चर्चमध्येही तेच, ढोलावर अंगात येणारेही तेच — कुणाला खटकलं? मला सत्तर वर्षं नाही खटकलं!

मग माझ्या हातात हा फोन आला. वाचता धड येत नाही, पण बघता येतं ना. कोटातला एक पास्टर सांगत होता, त्या परातीत सैतानाची लाळ असते. तो एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, तर फोननं तसलेच दहा दिले. दहा बघितले, तर शंभर. टाके घालताना, जेवताना, संडासात — हसू नका! — दुसरं काही दिसेचना. मला वाटलं, अख्ख्या ब्राझीलला कळलंय, एक आमची गल्लीच अडाणी राहिलीय. आणि सही करताना ज्याची जीभ बाहेर येते तो मी, मी एकटा शहाणा!

गेल्या वर्षी याच दिवशी तिच्या अंगणात गेलो. पोरं नुकती बसली होती. फोन पुढं धरला, ‘येशूच्या नावानं!’ म्हणून ओरडलो आणि लाथ घातली परातीला. पोरं रडायला लागली. सगळ्यांत धाकटी, चार वर्षांची, तिला वाटलं खेळ आहे — गुडघ्यावर सांडलेली भेंडी चाटत बसली. झुल्मीरा ओरडली नाही. ‘पाय भाजला का रे तुझा?’ म्हणाली. माझा पाय!

भाजला होता. तरी व्हिडिओ टाकला मी. नऊशे बदाम आले — हो, आकडे येतात मला. रोज बघायचो. शेवटी तिचा चेहरा येतो, तो यायच्या आत पुन्हा पहिल्यापासून लावायचो. म्हणजे तेव्हाही कळत होतं मला — कळत होतं, बाई. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगायचं नव्हतं. द्या ती दुसरी चप्पल.

या रविवारी गेलो तिच्याकडं. एका भिंतीपलीकडं राहते, वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं. ती भेंडी चिरत होती, समोर फोन टेकवून. मी तिच्या फोनकडंच बघत राहिलो. त्यात एकही पास्टर नाही! भेंडी चिरणाऱ्या बाया, ढोल, मिरवणुका, पुन्हा बाया. म्हटलं, ‘तुझ्याकडं ते लाळेचं वगैरे येत नाही?’ ‘कसली लाळ?’ म्हणाली, ‘इथं तर सगळा देश भेंडी चिरतोय.’ मग म्हटलं एकदाचं, ‘चुकलं माझं.’ तिनं सुरी थांबवली नाही. ‘मला काय सांगतोस? परात पोरांची होती. मंगळवारी ये, चटईवर बस आणि त्यांना सांग. नाहीतर येऊ नकोस.’

आज मंगळवार. म्हणून बसलोय इथं. सात पोरांपुढं, त्या चार वर्षांच्या — आता पाच — पोरीपुढं, खाली बसायचं. सकाळपासून तीन जोड उगाच शिवले, फाटले नव्हते तेही.

घ्या, झाली तुमची चप्पल. पैसे राहू द्या, उठा, दुकान बंद करायचंय. जातो मी. तो बघा, समोरून चाललाय वाडगा घेऊन, सगळ्यांच्या पुढं — आमचा न्हावी. पहिला व्हिडिओ यानंच पाठवला मला, आणि परात उलटली तेव्हा अंगणाबाहेरून ‘शाबास!’ म्हणाला. मी पोरांची माफी मागेन. माझी माफी कोण मागणार? बघा, मान वळवली त्यानं. ओस्मारियो! ए ओस्मारियो!