दोन शेड उजळ

पासपोर्टच्या फोटोसाठी हेमलताबाई सिडकोतल्या स्टुडिओत अर्धा तास ताटकळत होत्या. टीव्हीवर मॅच चालू होती आणि त्यांच्या आधीचे गिऱ्हाईक, म्हणजे बाप-लेक, लग्नाच्या बायोडाटाचा फोटो करायला आले होते. बाप स्टुडिओवाल्या शेठशी बोलत होता.

“काय बॉलर हाय, शेठ! काळाकुट्ट, साडेसहा फूट. मर्द असावा तर असा.”

“वेस्ट इंडिजचा आहे, भाऊ. त्यांच्या रक्तातच असतं.”

“तेच म्हणतो. बरं, आमच्या तुषारला दोन शेड उजळ करा.”

“नको ना, पप्पा. मागं सटाण्याचे पाहुणे घरी आले, तर फोटो बघून मलाच विचारत होते, ‘नवरामुलगा कुठंय?’ मी पाण्याचा ट्रे घेऊन उभा.”

“मग? चहा पिऊन गेले ना?”

“गेले ते गेलेच. आणि आत्ता तुम्हीच म्हणालात, मर्द असावा तर असा.”

“त्याला विकेटा काढायच्यात, बाबा. तुला बायको मिळवायचीय.”

शेठनं माऊस दोनदा दाबला.

“घ्या, झाला हिरो.”

“हा कोण?” तुषारनं विचारलं.

बापानं फोटो लांब धरून निरखला, मग लेकाकडे पाहिलं.

“असं कर, शुक्रवारी पाहुणे आले की पाण्याचा ट्रे तू आणू नको.”