खोडलेला आकडा

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर अकरा खुर्च्या होत्या आणि माणसं तीन: मी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आणि कोपराशी कापूस दाबून धरलेल्या एक मावशी.

"सुई मला टोचली आणि डोळे तुझे का भरलेत?"

"मावशी, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली."

"बोल."

"सात महिन्यांपूर्वी निरोगी माणसं म्हणून लॅबमधल्या वीस जणांचं रक्त घेतलं होतं."

"माझंही घेतलंस. म्हणालीस, फरशी पुसणाऱ्या मावशी सगळ्यात ठणठणीत."

"कॅन्सरची खूण शोधणाऱ्या चिपवर ते तपासलं. एकोणीस जणांचे आकडे पस्तीसच्या आत आले. तुमचा बावन्न आला."

"मग?"

"त्या चिपवर कार्बनच्या नळ्या असतात, केसाहून हजारो पट बारीक. त्या नीट बसल्या नसतील असं मी धरलं आणि तुमचा आकडा खोडला."

"मला न सांगता?"

"हो. सर म्हणाले, आलेख छान आलाय."

"आणि आता?"

"परवा तीच चिप पुन्हा तपासली. चिप चांगली आहे."

"रोज तुझ्या टेबलाखाली पुसत होते गं. तू नुसते पाय वर घ्यायचीस."

तासाभराने नर्सने कागद आणून दिला. मुलीने तो दोनदा वाचला.

"किती आलं?"

"एकशे अठ्ठेचाळीस."