खडकाची बांधणावळ

मी मूळची होटगीची, ताई. बाप रेल्वेत, रुळावरचा गँगमन. आमच्या घराला तापल्या लोखंडाचा आणि खडीच्या धुळीचा वास असायचा, आईच्या पदराला, भाकरीला, उशीलासुदीक. पाणी म्हंजे हंड्यातलं, त्याच्या पलीकडं आमचा विचार जात नव्हता. आणि लग्न करून आणली कुटं, तर करमाळ्याच्या अंगाला, उजनीच्या पाण्याच्या काठावर. पहिल्या दिशी सांज होता होता मला घराच्या मागं नेलं, तर पुढं जमीनच न्हाय. नुसतं पाणी, शेंदरी झालेलं, आणि लांब कुटंतरी एक पाखरू ओरडत व्हतं. मला वाटलं, आपण जगाच्या टोकाला येऊन पडलो. आता त्याच पाण्याच्या काठावर बसून मी तुमाला सांगते की माझ्या पोटात काय जळतंय, आणि तुमी लिहून घेताय, लिहा.

घरात आमी दोघी जावा. थोरली आक्का, धाकटी मी. आमच्या घराण्यात वाटणीची रीत अशी, की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचं आधी धाकट्यानं, म्हंजे पाडणाऱ्याचा हात वाकडा जात न्हाय. थोरल्या भावजींनी दोन वाटे पाडले. एक काळी जमीन, मऊ, लोण्यावानी, हळूहळू उतरत पाण्यात जाणारी. दुसरा वाटा टेकाडाच्या नाकावर, नुसता खडक, त्यात कुसळं, आणि खडकाखाली पाणी एकदम खोल, म्हशीसुदीक तितं उतरायला बघत न्हाईत. खडकाच्या बाजूला रान जास्त दिलं व्हतं, विहिरीचा हिस्सा जास्त दिला व्हता, पण मी मालकांच्या पाठीला बोट लावलं. मालक म्हंजे आमचे हे. मालकांनी काळी उचलली. आक्का खाली बसली, मूठभर मुरूम उचलला आणि बोटांतनं गळू दिला, बास.

मग लई वर्षं माझीच व्हती, ताई. माझ्या रानात शाळू असा उभा राहायचा की माणूस आत गेला की दिसायचा न्हाय, वाऱ्यानं सगळं रान कुजबुजायचं. आक्काच्या खडकावर शेरडं. भावजी गेले, आक्का एकटी पडली, तवा मी तिला सुगीला पोतं द्यायचे, वांगी द्यायचे. ती घ्यायची. देणाऱ्याला कसं वाटतं ते तुमाला ठाव असंल, भरल्यावानी वाटतं. तसं भरल्यावानी मला वाटायचं.

आणि एका हिवाळ्यात शीड आलं.

पुण्याची माणसं, जीपच्या मागं होडी बांधून आणलेली. आपल्या कोळ्याची होडी काळी, डांबर लावलेली, ती आवाज करत जाते. ही पांढरी, वर शीड, धुतलेल्या पातळावानी, आणि आवाज काईच न्हाय. मी खुरपं हातात घेऊन उभी ऱ्हायले. मनात आलं, आता ही माझ्याकडं वळंल, माझा काठ केवढा मोठा, केवढा सपाट. ती वळली खडकाकडं. त्या होडीच्या बुडाखाली एक पातं असतंय म्हणं, उभं, तिला खोल पाणी लागतंय, काठाला लागून खोल. ते सगळ्या गावात एकाच जागी व्हतं, आक्काच्या खडकाला.

पहिल्या वर्षी आक्कानं त्यास्नी नुसता चहा दिला. दुसऱ्या वर्षी खडकात लोखंडाच्या खुंट्या ठोकून घेतल्या आणि होडी बांधायचे पैसे सांगितले. पाणी सरकारचं हाय, ते आक्काचं न्हाय, पण पाण्यापाशी जायची वाट आक्काची, खुंटी आक्काची, राखण आक्काची. बांधणावळ म्हणायला लागलं गाव त्याला. मग माणसं दर शनवारी यायला लागली, होड्या आठवडाभर हितंच ठेवून जायला लागली. आक्कानं न्हाणीघर बांधलं फरशीचं. घराला निळा रंग दिला. सकाळी वारा हिकडं फिरला की कॉफीचा वास माझ्या रानात यायचा, कडू, गोड, आणि त्या बायकांचं हसणं यायचं. आणि त्या सगळ्या तिला हाक मारायच्या, आक्का, ओ आक्का! काय सांगू तुमाला, ते मला पैशापरीस जास्त लागलं. ते घरातलं नाव व्हतं. ते नाव मी लावलं व्हतं तिला, लग्न होऊन आले तवा. ते आता सगळ्या पुण्याच्या तोंडात.

पलीकडच्या काठाला एक हॉटेल झालं, त्यांनी पाण्यावर तरंगता धक्का बांधला, दिवे लावले आणि होडी बांधायचा दर असा लावला की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावा. तिकडं वाढलं की आक्काच्या कानावर यायचं, आणि आक्काच्या कानावर आलं की हिकडं वाढायचं. आधी होडीला एक दर व्हता, मग होडीच्या लांबीवर झाला, मग सणासुदीचा वेगळा. माणसं कुरकुरायची. त्यातले एक पेन्शनर साहेब, बायकोला घेऊन यायचे, हौस म्हणून म्हातारपणी होडी घेतलेली. ते एकदा माझ्या बांधावर आले, कपाळाला पांढरी मलई फासलेली, आणि म्हणले, मावशी, आमचं शीड वाऱ्यावर फुकट चालतं, पण थांबायचं म्हटलं की पेन्शन संपतं. तुमच्या काठाला बांधू दिली तर?

ताई, माझ्या अंगावरनं मोरपीस फिरलं. मी म्हणलं, बांधा की साहेब, काठ काय आक्कानंच आणलाय व्हय? दर सांगितला आक्काच्या निम्म्याहून कमी. साहेब म्हणले, दोरी लांब सोडून होडी जरा आत खोलात उभी करू, पण पाणी राहील ना? मी म्हणलं, संक्रांतीपतुर हलत न्हाय. दरसाल हलत नव्हतंच.

त्यांनी आणखी दोघांना आणलं. गाड्या उतरायला वाट पायजे, म्हणून पाण्याकडची पट्टी मी पेरू दिली न्हाय. आमचं वर्षाचं खाणं त्या पट्टीवर, शाळू तितंच लागतोय. मालक म्हणले, अगं येड लागलं का तुला, भाकरी काय शिडाची थापणार हाईस? मी म्हणलं, तुमी गप बसा, आक्काचं न्हाणीघर बघितलं न्हवं? ते उठून गोठ्यात गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत, बैलाशी बोलत व्हते.

आक्का आली. दारात उभी राहूनच म्हणली, सुमे, तुझा काठ मऊ हाय. होडीला मऊ चालत न्हाय. पाणी जवा जातं तवा तुझ्याकडनं आधी जातं. मी म्हणलं, आक्का, तुजं गिऱ्हाईक गेलं म्हणून पोटात दुखतंय तुज्या. ती म्हणली, व्हय, दुखतंय. आणि गेली.

ते पंधरा-वीस दिवस मी राणी व्हते, ताई. तीन पांढऱ्या होड्या माझ्या काठाला. पहाटं दवानं त्यांच्या दोऱ्या ओल्या व्हायच्या आणि पाणी त्यांच्या पोटाला चुबुकचुबुक चाटायचं, तो आवाज ऐकायला मी शेणाचे हात न धुता जायचे. आणि मुद्दाम खडकाकडं बघायचे. तितल्या तीन खुंट्या रिकाम्या.

मग लेकीचा फोन आला. लेक माझी सोलापुरात दिलीय, जुन्या गिरणीच्या अंगाला. तिकडं नळाला पाणी दिवसाआड न्हाय, त्याहून लांबतं, हंडे मांडून वाट बघावी लागते. लई खुशीत व्हती. म्हणली, आई, ऐकलंस का, औंदा लवकरच धरणातनं पाणी सोडलंय नदीला, सोलापूरसाठी, आता नळ येईल, पोरांच्या गोधड्या, कापडं धुऊन काढते. मी म्हणलं, बरं झालं बाई. फोन ठेवला आणि तशीच काठाकडं गेले. लेकीच्या हंड्यात जे पडणार व्हतं ते माझ्या काठचं व्हतं.

बुधवारी पाणी मागं सरलं, गुरुवारी आणखी सरलं. खडकाला काय झालं? खडकावर ओली रेघ हातभर खाली आली, एवढंच. माझ्याकडं पाणी पार लांब गेलं आणि मागं गाळ उघडा पडला, काळा, चकाकणारा, कुजक्या शेवाळाच्या वासाचा. त्यात तिन्ही होड्या कुशीवर पडल्या, आजारी म्हशीवानी. होड्यांची माणसं तिकडं पुण्यात. मी साहेबांना फोन लावला, म्हणलं, होड्या गाळात बसल्या, या. ट्रॅक्टर आणला तर चाक रुतलं. गाव काठावर जमलं आणि एक जण म्हणला, सुमनकाकू, होड्या पेरल्या व्हय औंदा?

आणि आक्का आली. पदर खोचला, गाळात शिरली, गुडघ्यापतुर. म्हणली, कडबा आणा. पेंढ्या आंथरा, त्यावरनं घसरत न्या पाण्यापतुर, मग माझ्या खुंटीला. माणसांनी कडबा आणला, आणि कुणाचा आणला म्हणाल, तर माझाच, माझ्या गंजीचा, माझ्या जनावरांचा वर्षाचा चारा. पेंढी पडली की गाळात फस्स व्हायचं आणि वर होडी सरकायची. मी बघत व्हते. माझा शाळू न्हाय, माझा कडबा न्हाय, आणि माझी होडी चालली आक्काकडं, माझ्याच कडब्यावरनं.

साहेब धावत आले दुसऱ्या दिशी. मला एक शब्द वाकडा बोलले न्हाईत. मी पैसे परत करायला गेले तर घेतले न्हाईत, उलट कडब्याचे वर दिले. आणि आक्कापुढं हात जोडून म्हणले, आक्का, तुम्ही होतात म्हणून होडी वाचली. आक्का म्हणली, ऱ्हाऊ द्या साहेब, आणि कालपासनंची बांधणावळ घेतली. पुरती. खुंटीवरची एक रात सोडली न्हाय. देवमाणूस न्हाय ती, आणि तसं मानायला मी तयार न्हाय.

औंदा बांधणावळ परत वाढलीय. आमी भाकरीला शाळू बाजारातनं आणला, खडे निघतात त्यात. गाड्यांनी तुडवलेली पट्टी परत नांगरली, पेरली, आता पोटरीला आलीय.

परवा साहेब आले, बायको सोबत, हुरडा मिळेल का विचारायला. हुरडा कुटला, अजून टाईम हाय म्हणलं. मग हळूच म्हणले, मावशी, खरं सांगा, आक्का आता फार घेतात. आम्ही चार-पाच जण पलीकडच्या धक्क्यावर जायचं म्हणतोय. दर तोच, पण दिवे तरी आहेत. तुम्ही इथल्या, तुम्ही सांगाल तसं.

ताई, एका शब्दाचं काम व्हतं. जावा की साहेब, एवढंच. खडक परत शेरडांचा झाला असता. तो शब्द माझ्या जिभेवर आला, गोड लागला, गुळावानी. मी पाण्याकडं बघितलं. वारा पडला व्हता आणि आक्काच्या खुंटीला ती शिडं गुंडाळून ठेवलेली, पांढरी, झोपलेल्या बगळ्यांवानी. आणि मला असं झालं की हे उद्या हितं नसंल तर मी सकाळी उठून कुटं बघू? मालक बैलाकडं बघतेत. लेक नळाकडं बघती. मी कशाकडं बघू?

मी म्हणलं, न्हाय साहेब. तितं पच्छिमेचं वारं उघड्यावर येतंय, दोरी तुटंल. खडकाच्या आडोशाला जी होडी हाय तिला धक्का न्हाय. आणि ते खरंच हाय, खोटं न्हाय सांगितलं.

साहेब ऱ्हायले. आक्काला ह्यातलं काय ठाव न्हाय, आणि तुमी सांगू नका. सांगितलं तर ती येईल, उपकार मानंल, आणि ते मला सोसायचं न्हाय. तिचं पाणी खोल ऱ्हावं, तिच्या खुंट्या भरलेल्या ऱ्हाव्यात. मी हितं बांधावर बसून जळते. बरी हाय मी.