वाढदिवसाचं पान्सित

(नर्सिंग कॉलेजची शिक्षकखोली. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं.)

पुरिंग : शेवयांनी जीप उलटली? मॅडम, माझ्या शेवयांनी?

डेल्फिना मॅडम : मनांग पुरिंग, ताईसारख्या तुम्ही, जरा हळू. बाहेर मुली आहेत.

पुरिंग : असू देत की! त्यांनीही खाल्ल्यात, बोटं चाटूनपुसून. वाढदिवसाला पान्सित करायचं, शेवया लांब तसं आयुष्य लांब. माझी आई करायची, तिची आई करायची. डबाभर वॉर्डात नेलं, तर म्हणे गुन्हा!

मॅडम : वाढदिवस घरी करायचा. ड्यूटीवर पान्सित आणायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. ड्यूटीवर ते खाल्लं की पेशंटची रीघ लागते, संपता संपत नाही. त्या दिवशी जीप उलटली आणि तेच झालं.

पुरिंग : अहो, पण मी पहिल्या वर्षात होते कधी? मी मिडवाईफ. नर्सची पदवी हवी म्हणून ब्रिज कोर्सला आले, तर तुम्हीच मला वरच्या वर्गात बसवलंत. आमच्या गावच्या दवाखान्यात पान्सित खाऊनच बाळंतपणं करायचो आम्ही. उलट अंगात जोर यायचा.

मॅडम : तो तुमचा गावचा दवाखाना. इथे ओफेलिया हेड नर्स आहेत आणि त्या हे मानतात.

पुरिंग : अन् तुम्ही?

मॅडम : माझ्या मानण्याचा प्रश्नच नाही.

पुरिंग : कावळा बसायला अन् फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याला शिक्षा?

मॅडम : शिक्षा टळावी म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. उद्या सकाळी ड्यूटी बदलताना सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं, ‘माझी चूक झाली.’ विषय संपला. नाहीतर तुमची ती ड्यूटी बाद होणार, वर जादा ड्यूट्या लागणार. त्या या सेमिस्टरमध्ये बसणार नाहीत.

पुरिंग : म्हणजे वर्ष गेलं.

मॅडम : अर्धवेळ कोर्सला बदलून घेता येईल. शनिवार-रविवार वर्ग, बाकीचे दिवस नोकरी. तुमच्या वयाला तेच बरं, मी प्रवेशाच्या वेळीच म्हटलं होतं.

पुरिंग : कुठली नोकरी? मी राजीनामा दिला अन् माझ्या जागी कॅप्टनसाहेबांची भाची आली. गावचा कारभारीच तो, त्याला कोण विचारणार! अन् पूर्णवेळ घेतलं ते या वयामुळेच. अर्धवेळ शिकत बसले तर पदवी हातात अन् काठीही हातात! माझ्या लेकीनं स्वतःचं कॉलेज थांबवलंय, मॅडम. बाजारात मासे विकते. म्हणाली, ‘नानाय, आधी तू.’ तिला काय सांगू? शेवया नडल्या?

मॅडम : म्हणूनच सांगते, माफी मागा आणि मोकळ्या व्हा.

पुरिंग : नुसत्या शेवयांची असती तर कान धरून मागितली असती. पण खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांच्या बायकोला ओफेलियाबाई काय म्हणाल्या, ते सांगितलं का तुम्हाला?

मॅडम : नाही. काय म्हणाल्या?

पुरिंग : ती लोला, बिचारी आजी, विचारत होती, माझा माणूस सकाळी उठून बसला होता, पेज प्यायला होता, मग संध्याकाळी गेला कसा? तर बाई म्हणाल्या, ‘काय करणार लोला, एका विद्यार्थिनीनं वॉर्डात पान्सित आणलं आणि आभाळच कोसळलं आमच्यावर.’ अन् माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग आजोबांची पिशवी उचलली अन् निघाली हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम : हे... हे मला कुणी सांगितलं नाही.

पुरिंग : कशाला सांगतील? एवढा मोठा वॉर्ड, एकेका खाटेवर दोन-दोन माणसं, अन् नर्स किती होत्या त्या दिवशी?

मॅडम : दोन.

पुरिंग : जीप उलटायच्या आधीपासून दोनच. मग एक अपघाताच्या लोकांकडे धावली, दुसरी, एका बाईचं रक्त थांबेना, तिच्यापाशी अडकली. त्यांचा काय दोष? त्यांना काय चार हात आहेत? आजोबांना धाप लागली तेव्हा तिथे मी एकटी. ऑक्सिजन वाढवायला माझा हात पोचत होता. पण विद्यार्थिनीनं नर्सशिवाय, नाहीतर शिक्षिकेशिवाय काही करायचं नाही. नियम तुमचा. ‘नर्स! नर्स!’ करून घसा फोडला मी. मग तुम्हाला हाका मारल्या.

मॅडम : मी वरच्या मजल्यावर होते.

पुरिंग : ठाऊक आहे.

मॅडम : दोन वॉर्डांच्या मुली माझ्याच गळ्यात घातल्या होत्या, मनांग. मी मागेच सांगितलं होतं कॉलेजला, एका माणसाला जमणार नाही. ऐकलं नाही कुणी.

पुरिंग : मग हे आता का सांगत नाही?

मॅडम : सांगितलं तर पहिला प्रश्न मलाच येईल. ‘तुम्ही कुठे होता?’ शेवयांवर ढकललं की कुणी काही विचारत नाही. ओफेलियांना नाही, कॉलेजला नाही... मलाही नाही.

पुरिंग : वा! चोर सोडून संन्याशाला फाशी, अन् दोर ओढायला संन्याशालाच बोलावलंय! लाज वाटते का हो, मॅडम?

मॅडम : वाटते. झोप येत नाही मला.

पुरिंग : मग ऐका. उद्या ओफेलियाबाईंसमोर मी तोंड उघडणार नाही. जादा ड्यूट्या लावायच्या तर लावा, वर्ष जायचं तर जाऊ दे. लेकीला मी समजावीन. माफी मागायचीय ती त्या म्हातारीची. तिच्याकडे आज आजोबांसाठी नवव्या दिवसाची प्रार्थना आहे, तिथे निघालेय. ऑक्सिजन माझ्या हाताशी होता अन् मी नियमाला भ्याले, हे सांगणार. अन् हाका मारल्या, कुणी आलं नाही, हेही.

मॅडम : कॉलेज तुम्हाला काढून टाकेल.

पुरिंग : टाकू दे. नर्स झाले अन् त्या बाईला तोंड दाखवता आलं नाही, तर त्या पदवीचं लोणचं घालू?

मॅडम : मनांग, थांबा. तिनं विचारलं, तुमच्या मॅडम कुठे होत्या, तर?

पुरिंग : ते मी कशी सांगू? मी फाटकाशी ट्रायसिकल रिक्षा थांबवते. त्यात दोघींना जागा होते.