हंडीचं मीठ

...आणि घरात मीठ जास्त झालं म्हणून डुक्कर गेलं, असं कधी ऐकलंय का हो? आमचं गेलं! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी सरकारी मिठाच्या कोठारात कारकुनी केली, माझ्यासारखं अक्षर अख्ख्या परगण्यात नाही, आणि नियम तर झोपेत विचारा. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसानं वर्षाचं ठरलेलं मीठ घेतलंच पाहिजे, खा नाहीतर डोक्यावर ओता. पण घालायचं फक्त हंडीत आणि ताटात. डुक्कर खारवायला वेगळं मीठ, त्याची वेगळी चिठ्ठी. हंडीचं मीठ ते हंडीचंच!

आता यंदा नदी गोठली, गहू जळाला, हंडीत शिजवायलाच काही नाही, मग मीठ उरणार नाहीतर काय! आमच्या बायकोनं, रेनोतनं, डुक्कर कापून त्याला ते चोळलं आणि पिंपात भरलं. मी पाहिलं, गप्प बसलो. चौथ्या दिवशी ब्लेझ दारात! माझ्याच हाताखाली तयार झालेला शिपाई, टोपी काढून, अगदी नम्रपणे, "तुसाँकाका, या पिंपाची चिठ्ठी?" अरे, म्हटलं, घरचंच मीठ आहे, पैसे मोजून घेतलेलं! तर म्हणतो, "काका, हंडीचं मीठ ते हंडीचंच, तुम्हीच नाही का शिकवलंत?" गेलं पिंप! आमचा सगळा हिवाळा गाडीवर! रेनोत वेशीपर्यंत मागं मागं चालत गेली.

मग हुकूम आला, राजाला म्हणे रयतेची गाऱ्हाणी ऐकायचीत, गावोगावी लिहून पाठवा. म्हटलं, आलं पिंप परत! गाव चर्चमध्ये जमलं, पाद्रीबाबांचा हात थरथरतो, म्हणजे लिहिणारा मीच. लेखणी बुडवली, "पहिलं माझं..." तर विधवा गियोन उठली. "थांबा कारकून, पहिलं माझं! लिवा. नवरा कापणीत मेला, आन् त्याच्या वाट्याचं मीठ घे म्हणून मला नोटीस. मेलेला माणूस कशात मीठ घालणार?" लिहिलं. "पुढं लिवा, नोटिशीचं अक्षर लई सुरेख होतं." अहो बाई, हे कशाला... "लिवा!" मागून लोहार उर्बें, "कुणाचं अक्षर तेबी लिवा की, लाजताय काय!" अख्खं चर्च हसलं. लिहिलं! माझं नाव, माझ्याच हातानं, आणि वळण? तसूभर चुकलं नाही. सवय!

सगळ्यांचं होता होता तळाशी एकच ओळ उरली, तिथं दाटीवाटीनं माझं पिंप बसवलं. बाहेर कागद नेणारा घोड्यावरून ओरडतोय, "आटपा!", शाई ओली, आणि शाईवर टाकायची वाळू संपलेली. घर समोरच, रेनोत धावत गेली, मूठभर मीठ घेऊन आली. "अहो, हे टाका, शोषून घेईल!" मी तिचं मनगट धरलं. ब्लेझ तिथं नव्हता हो, कुणीच शिपाई नव्हता! माझ्याच तोंडून निघालं, "हंडीचं मीठ ते हंडीचंच!"

फुंकर मारतोय मारतोय, तोवर घोडेस्वारानं आत येऊन कागद ओढला, घडी घातली आणि गेला. वरची गाऱ्हाणी वाळली होती. राजाच्या हाती माझं नाव पडेल, स्वच्छ, वळणदार... गियोनच्या गाऱ्हाण्यात. डुकराच्या जागी डाग आहे.