मोंब्रेलचा बुरुज, तीन किलोमीटर

...नाही नाही, तुम्ही घासा आधी, माझं हे टोपलं बघताय ना, यात दोन माणसांची नाही, अख्ख्या पलटणीची भांडी आहेत. आणि असे टकामका बघू नका माझ्याकडे! मला माहितीये, एकतीस वर्षांत या कॅम्पवर मला कुणी सिंकपाशी उभं पाहिलेलं नाही. सगळं त्या तीन किलोमीटरमुळे झालं! तीन किलोमीटर हो, फक्त तीन! तो बघा समोर, झाडांच्या वर डोकं काढलेला दगडी बुरुज, घड्याळाचा... दिसला? तो मोंब्रेलचा.

आता तुम्ही म्हणाल, आन्सेल्म, एकतीस वर्षं दर ऑगस्टला इथं तंबू ठोकतोस, सत्तावीस नंबरची जागा सोडत नाहीस, मग मोंब्रेल तुला पाठ असेल. कसलं पाठ? एकदाही गेलो नव्हतो! लोक म्हणे जपानहून येतात ते गाव बघायला. आम्ही? माझी बायको जोझियान म्हणायची, "उद्या जाऊ या का?" मी म्हणायचो, "जाऊ की." मग उद्या ऊन तरी असायचं, नाहीतर पाऊस, नाहीतर टीव्हीवर सायकलींची शर्यत, नाहीतर लोखंडी गोळे फेकायच्या पेतांकची मॅच. बुरुज कुठं पळून जातोय, आठशे वर्षं उभा आहे!

पण यंदा जूनमध्ये डॉक्टर म्हणाला, "मादाम, ऑक्टोबरमध्ये गुडघा बदलू. जिने चढायची हौस सोडा आता." इथं आलो, तंबू लागला, आणि बटाटे सोलता सोलता मला म्हणते, "आन्सेल्म, मी त्या बुरुजावर चढणार. तुझ्याबरोबर, नाहीतर तुझ्याशिवाय." मी म्हटलं, अगं, आहे काय तिथं वर? तर म्हणाली, "एकतीस वर्षं मी सिंकपाशी उभी राहून तो बुरुज बघतेय. एकदा बुरुजावर उभं राहून मला ते सिंक बघायचंय." मी म्हटलं, शनिवारी जाऊ.

बरं, शनिवार! दुपारी तीनला पेतांकची फायनल, मी आणि माझा जोडीदार मार्सो. सहा वर्षं धडपडल्यावर फायनल, बक्षीस अख्खा हॅम, डुकराची खारवलेली तंगडी! मार्सो दम देऊन गेला, "तीन म्हणजे तीन हं, आन्सेल्म." मी म्हटलं, अरे, नऊला निघतो, बाराच्या आत जेवायला परत. तीन किलोमीटर तर आहे!

नऊला निघालो का? ब्रेडवाला आल्याशिवाय कोण निघतं? तो आला सव्वानऊला. मग कॉफी. मग शेजारचा तो डच गृहस्थ, त्याला तंबूची खुंटी कशी ठोकायची ते दाखवलं, त्याने विचारलं नव्हतं, पण बघवेना हो माझ्याच्याने! निघेपर्यंत दहा. आणि शनिवार म्हणजे मोंब्रेलचा बाजार, हे मला कुणी सांगितलं? जोझियानने सांगितलं होतं. तीनदा.

गाडी लावायला जागा नाही! वेशीपाशी नाही, चर्चपाशी नाही, शाळेपाशी नाही. मी गोल फिरतोय, एक भाजलेल्या कोंबड्या विकणारा मला चौथ्या फेरीला हात करायला लागला. शेवटी एक पिवळं जाकीट म्हणालं, "मस्यू, सरळ जा, नदीकाठच्या शेतात जागा आहे." गेलो सरळ. लावली गाडी. उतरून बघतो तर काय, समोर आपल्या कॅम्पचं फाटक! तंबूपासून आठशे मीटर! म्हणजे मी एक तास गाडी चालवली आणि आठशे मीटर पुढं सरकलो!

मग चालत. तिच्या त्या गुडघ्याने, दगडगोट्यांच्या चढावर... मी म्हटलं, परत फिरू या. ती म्हणाली, "तू फिर." बुरुजापाशी पोचलो तेव्हा घड्याळात बाराला तीन मिनिटं कमी. खिडकीत एक बाई, छातीवर नाव लावलेलं, एडविज. मी म्हटलं, दोन तिकिटं. ती म्हणाली, "बंद, मस्यू. दोन वाजता या." मी म्हटलं, अजून तीन मिनिटं आहेत! ती म्हणाली, "मलाही जेवायचं असतं." आणि खाली आली हो ती फळी. खट्!

आता तुम्हाला सांगतो, मी चिडायला तोंड उघडलं आणि चपापलो. कारण ती फळी माझी होती! अडतीस वर्षं टपाल कचेरीत, खिडकी नंबर दोन! बारा म्हणजे बारा, माझ्या खटक्यावर समोरचा न्हावी घड्याळ लावायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ पार्सल घेऊन धापा टाकत आलेले, नातीचा वाढदिवस होता, म्हणाले, एकच मिनिट... आणि मी काय म्हणालो? "मलाही जेवायचं असतं." अगदी तस्संच, सुरासकट! तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. परवा, खरं सांगतो, लाज वाटली. जोझियान नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "अडतीस वर्षं, आन्सेल्म."

जेवायला जावं तर सगळी टेबलं आधीच राखलेली. मग त्याच कोंबडीवाल्याकडून अर्धी कोंबडी घेऊन पायरीवर बसलो, त्याने ओळखीचा म्हणून बटाटे जास्त घातले. तीन किलोमीटरवर माझं टेबल, माझी खुर्ची, थंडगार वाइन, आणि मी कुठं? पायरीवर!

दोनला फळी वर. ठोक्याला! एडविजने जोझियानचा पाय बघितला, आत गेली, आणि आपली जेवायची घडीची खुर्ची घेऊन आली. "मादाम, दर वळणावर बसा. घाई नाही." घाई नाही! आणि खुर्ची कोण नेणार? एकशे त्रेचाळीस पायऱ्या! दहा पायऱ्या चढायच्या, खुर्ची उलगडायची, बाई बसणार, मागं सगळा युरोप थांबलेला, परत खुर्ची मिटायची. मी घड्याळ बघतोय. अडीच. पावणेतीन. नव्वदाव्या पायरीवर ती म्हणाली, "तू जा रे मॅचला. मी चढेन." चेहरा पांढरा पडलेला, ओठ आवळलेले. जाऊ कसा? मी खुर्ची उचलली.

तीनला दोन मिनिटं कमी असताना वर पोचलो. तिथं ती नाणं टाकायची दुर्बीण. खिशात नाणं एकच. तिने डोळा लावला... आणि नुसती उभी. मग म्हणाली, "दिसलं. सिंक दिसलं. आपली दोरी, तुझी निळी चड्डी... एवढीशी जागा रे. मुलं तिथंच चालायला लागली, आई शेवटची आली ती तिथंच. एवढीशी!" आणि रडायला लागली. मीही... म्हणजे वर वारा फार होता. पण हो, मीही. एकतीस वर्षं मी हिला "उद्या" सांगितलं, तीन किलोमीटरसाठी!

तेवढ्यात डोक्यावर घंटा. तीन! कान बसले. आणि ही नाक पुसत, परत दुर्बिणीला डोळा लावून म्हणते, "अरे, मैदानात मार्सोबरोबर तुझ्या जागी कुणीतरी उभा आहे." मी झेप घेतली, डोळा लावला... खट्! नाणं संपलं. दुर्बिणीचीही फळी!

माझ्या जागी कोण होता? तो डच! ज्याला खुंटी ठोकता येत नाही तो! आणि जिंकले हो. तेरा-चार. हॅम काल आमच्याच टेबलावर कापला, जोझियाननेच बोलावलं सगळ्यांना, खुशीत होती. नऊ माणसं. जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखे पाय लांब केले, तर हिने हे टोपलं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "मी वरून सिंक बघितलं, आन्सेल्म. आता एकतीस वर्षं तू खालून बुरुज बघ."

...दिसतो हो, इथून फार छान दिसतो. आता दिवसातून तीनदा बघायचाय. जरा तो साबण सरकवता?