मुकं पोर्ट आणि सासऱ्यांची दाढ

हॅलो?… हो, मुख्य दवाखान्यातच आहे. एक्स-रेंचा सर्व्हर समोर आहे, राउटर शेजारी.

काय? एक्स-रे तुमच्या शाखेत अजून उघडत नाही?… बाबा खुर्चीत? इंजेक्शनही दिलं?… अगं, लिंक जुळण्याआधी तुझ्या वडिलांचा जबडा बधिर करायची घाई कोणी केली?… डॉक्टरबाईंनी. बरं. म्हणजे बधिरपणा उतरायच्या आत एक्स-रे हवा. दुसरी सुई टोचून घ्यायला बाबा थांबणार नाहीत, हे मला नको सांगूस. खुर्चीत बसायला तयार व्हावेत म्हणून घरी विनवण्या मीच केल्यात.

ऐक ना. तुझा राउटर आणि माझा राउटर एकमेकांना हॅलो म्हणतात, ओळख पटली की आपापले रस्ते सांगतात. राउटरांच्या या बोलीचं, ओएसपीएफचं, तत्त्व एवढंच… हो, हो, तुला ठाऊक आहे. मी क्रमानं जातोय. यादीत नेबर, म्हणजे माझा राउटर, दिसतो?… एकही नाही? मग चूक तुझ्याच बाजूला.

भांडत नाहीये, तर्क मांडतोय. एरिया कोणता दिलास?… शून्य. योग्य, माझाही तोच. हॅलोचे टायमर?… तेही जुळतात. केबल?… पिंग जातंय? हं. म्हणजे तार शाबूत, पण तुझ्याकडून हॅलो निघतो आणि उत्तर येत नाही.

माझी बाजू? माझी बाजू मी काल स्वतः तपासली. माझी पद्धत तुला माहीत आहे. आधी सगळी पोर्टं पॅसिव्ह, म्हणजे मुकी करायची. मग ज्या पोर्टवरून बोलायचं, तेवढंच बोलतं करायचं. याहून सुरक्षित… काय?… तुझ्या लिंकचं पोर्ट बोलतं केलं का? अर्थातच के…

थांब.

नाही, फोन चालू आहे. पाहतोय.

हे बघ, पद्धतीत दोष नाही. तिची शेवटची पायरी तेवढी… हो, राहिली. हो, माझ्याकडूनच. हसून झालं की सांग… एकच ओळ टाकायची होती. टाकली.

आला नेबर?… स्थिती ‘फुल’, म्हणजे ओळख पूर्ण? रस्ते आले?… मग उघड एक्स-रे… उघडला. डॉक्टरबाई काय म्हणतात?… मूळ शाबूत? दाढ काढायची नाही, नुसती भरायची? बघ, मग वाद उरला कुठे…

बाबांना बोलायचंय? आत्ता? अगं, बधिर तोंडानं काय बोलणार ते… नको, नको देऊस…

हां, बाबा… हो… हो, बाबा… नाही, तिची नाही, माझीच… हो.

हॅलो, तूच ना?… नाही, शब्द एकही कळला नाही. अर्थ मात्र पूर्ण पोहोचला. ठेवतो.